मेणावरची साय

"डोळे फुटलेत का तुझे, हॉलिस? हे बघ! माझ्या बहिणीचा गाल पार कॉलरवर उतरलाय!"

"मी चित्राला हातसुद्धा लावला नाही, मिस मार्वेला."

"हात लावायची गरजच काय? सहाला कूलर बंद केलास आणि सुटलास. तुल्सातला जुलै, सगळ्या खिडक्या बंद. भट्टीच पेटवलीस की!"

"रोज सहालाच बंद करतो. अकरा वर्षं झाली."

हॉलिस चित्रकारांच्या ह्या इमारतीचा रखवालदार. हातातली टोपी तो नुसती फिरवत होता. मार्वेला टिब्स त्याच्या खांद्याला लागेल एवढीच, पण तोच मागे सरत चालला होता.

चित्र टेबलावर तिरपं टेकवलेलं. चर्चला घालायच्या निळ्या टोपीतली तिची बहीण आयडेला. नुसत्या मेणाच्या क्रेयॉनचं काम, मार्वेलाच्या आठ महिन्यांचं. एकावर एक चाळीस थर चढवायचे आणि मग सुईनं खरवडून खालचा रंग वर आणायचा. शनिवारी आयडेला ऐंशीची होणार, चर्चमध्ये जेवण, आणि सगळ्यांसमोर चित्रावरची चादर काढायची असं ठरलेलं. आता डावा गाल वितळून खाली ओघळला होता आणि तोंडाचा कोपरा त्याच्याबरोबर गेला होता.

गॅरेट शेजारच्या टेबलाशी उभा होता. तोही क्रेयॉनवालाच. डब्यातला एक तपकिरी क्रेयॉन उचलून त्यानं मुठीत धरला होता, उगाचच.

काल संध्याकाळी हॉलिस गेल्यावर तो एकटाच इथं होता. आयडेलाच्या गालावर पांढुरकी साय धरलेली त्याला दिसली. मेणावर ती धरतेच. मऊ फडक्यानं पुसायची, बस. पण गॅरेट स्वतःच्या चित्रांवर केस वाळवायचं यंत्र फिरवतो, चार सेकंद, की साय गायब आणि रंग काचेसारखा. म्हाताऱ्या मार्वेलाला सकाळी गंमत वाटेल, म्हणून त्यानं इथंही फिरवलं. त्याचे थर असतात पाच. हिचे चाळीस. वरचा तुकतुकीत झाला तोवर खालचे सुटले होते.

"सगळी खोली तापली म्हणता ना?" हॉलिस भिंतीकडे बोट करून म्हणाला. "मग ही बाकीची चित्रं कशी धड राहिली? उन्हानं काय तेवढा एक गाल निवडला?"

मार्वेलानं भिंतीकडे बघितलं. मग गॅरेटकडे वळली. "तू सांग रे पोरा. तुला मेण कळतं. असं होईल?"

दोघंही त्याच्याकडे बघायला लागली.

"भिंतीवरचे थर पातळ आहेत," गॅरेट म्हणाला. "जाड थर आधी सुटतो."

ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"ऐकलंस?" मार्वेला म्हणाली. "आजच्या आज फोन करते इमारतीच्या ट्रस्टींना."

हॉलिसनं गॅरेटकडे एकदा बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. समजून घ्यायला निघालेला माणूस बघतो तसं. मग त्यानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला, आयडेलापासून जरा लांब.

"फोन कशाला, मिस मार्वेला? तुम्ही मला खोटं पाडलंत, पुरे झालं. शनिवारी आयडेलाबाईंना माझ्याकडून शुभेच्छा सांगा."

जिन्यावर त्याचे बूट वाजत गेले.

मार्वेला खुर्चीत बसली. आता तिचा आवाज पार बसला होता. "उगाच बोलले का रे मी त्याला? गेल्या हिवाळ्यात माझी गाडी बर्फातून ह्यानंच उपसून काढली होती." तिनं सुई उचलून गॅरेटपुढे धरली. "हा गाल तू कर. माझ्याच्यानं पुन्हा नाही व्हायचं. दुसऱ्या कुणाला मी हिला हात लावू दिला नसता."

गॅरेटनं सुई घ्यायला मूठ उघडली. क्रेयॉन वाकून तळव्याला चिकटला होता. हाताच्या रेघांत तपकिरी मेण भरलं होतं.

खाली हॉलिसची गाडी सुरू झाली.

"मला निघायला हवं," तो म्हणाला. "आत्ताच. हॉलिस निघून जायच्या आत."