तिसऱ्या हौदावरची शीळ

गळ्यात मोठमोठे कॅमेरे अडकवलेले पक्षीवेडे हिवाळाभर तळी पालथी घालायचे आणि हात हलवत परतायचे. आत्याला मात्र तो तांबड्या गळ्याचा पाहुणा दरवर्षी नेमका सापडायचा. जलशुद्धीकरण केंद्राचा तिसरा हौद, गंजलेला नळ, सकाळी सव्वासात. तिथं पाणी तपासण्यात जन्म घालवताना तिनं त्या पाखराची नाडीही ओळखली होती. भाचीला तिचं भारी कौतुक.

"जितकी माणसं बघतात, तितक्या वेळा शीळ घालतो," आत्या म्हणायची. "पाहुणाच तो! प्रत्येकाला वेगळा नमस्कार."

भाचीला आधी ती थाप वाटली होती. पण गेल्या वर्षी दोघी बसल्या होत्या, तेव्हा त्यानं दोनदा शीळ घातली. मागून पहारेकरी येऊन डोकावला, तर तीनदा.

आज धुकं होतं. दोघी नेहमीच्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसल्या. सव्वासातला तो नळावर उतरला. एवढासा जीव, पण निखाऱ्यावर फुंकर घालावी तसा गळा उजळलेला.

"डोळ्यांचं पारणं फिटलं गं," आत्या कुजबुजली.

त्यानं मान उचलली आणि शीळ घातली. एकदा.

दोघी दुसऱ्या शिळेची वाट बघत राहिल्या. पाखरू बाकाकडे टक लावून बसलं होतं. बऱ्याच वेळानं त्यानं पुन्हा शीळ घातली. पुन्हा एकदाच.

आत्यानं दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. भाचीनंही मान वळवली नाही. खांद्याला खांदा तसाच लागलेला होता, आणि शेजारी बघायची हिंमत दोघींपैकी एकीचीही होत नव्हती.