संत थॉमसच्या पालखीचा पुढचा खांदा

“पुढचा खांदा आमचाच!” इनासनं संत थॉमसच्या पालखीची दांडी दोन्ही हातांनी कवटाळली आणि सणाची मिरवणूक देवळाच्या पायरीवरच अडली. समोर सत्तरीचा रुमाव सुतार नवा सदरा घालून उभा होता. पालखी त्यानंच घडवलेली. गुडघे पार जायच्या आत एकदा तरी संताला पुढून खांदा द्यावा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा.

“संत गलबतातून उतरले ते थेट आमच्या अंगणात,” इनास गरजला. “आमच्या विहिरीचं पाणी प्याले, त्याच पाण्यानं माझ्या पूर्वजाला बाप्तिस्मा दिला आणि आमच्या घरचं बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलं!” गेल्या वर्षीपर्यंत संत नुसत्या पाण्यावर भागवत होते, बरं का.

“पोरा, ती विहीर तुझ्या बापानं खणली. दगड मीच वाहिलेत,” रुमाव म्हणाला.

“संतांवर शंका? शंकेखोराचा हात पालखीला लागता कामा नये!”

फादरना हसू आवरेना. “इनास, येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय तो मरणातून उठला हे मानणार नाही, असं म्हणणारा तो हाच संत. शंकेखोर नको असेल, तर आधी पालखीतून यालाच उतरवावं लागेल.”

लोक खो खो हसले. रुमावनं पुढचा खांदा दिला. इनास मागच्या दांडीला गेला, पण मिरवणूक वेशीपर्यंत पोचायच्या आत तो शेजारच्याला सांगत होता, “थॉमसला शंका घ्यायला शिकवलं कुणी? आमच्याच पूर्वजानं!”