बापाचा कामठा

इंग्रज गेले, हिंदुरावाची साठी उलटली, पण त्याचा तोरा गेला नाही. दर दसऱ्याला तो बापाच्या बांबूच्या कामठ्याची दोरी बाण लावून कानापर्यंत ओढून दाखवी. त्याची बायको विठा म्हणे, "धन्यांचा हात हाय तसाच हाय."

यंदा खरवईच्या शेतात रानडुक्कर घुसलं. हिंदुरावाचा बाण त्याच्या कातड्याला लागून नुसता गळून पडला. त्यानं कामठा चाचपला. रुंदी होती तेवढीच होती, जाडी मात्र निम्मी झाली होती. म्हणूनच दोरी अशी सहज येत होती.

तो तडक कामठे घडवणाऱ्या हिरामणकडे गेला. "दोस्त म्हनवतोस, आन् माझा कामठा तासतोस?"

हिरामणनं मान खाली घातली.

"दर दसऱ्याआधी विठावयनीच घेऊन येते. म्हनते, अजून थोडा तास, दोरी वढताना धन्यांचा हात कापतो."