कोमट पाणी
प्रयोगशाळेतून नोएलिया थकून आली तेव्हा बाबा अंगणात येर्बाच्या पानांच्या काढ्याचा तुंबा घेऊन बसले होते. म्हातारपणी स्नायूंत मंदावणाऱ्या चुली, म्हणजे मायटोकाँड्रिया, व्यायामानं पेटतात का, हे ती शोधत होती. तपासायला बाबांनीही मांडीच्या स्नायूचा तुकडा दिला होता. “काय शास्त्रज्ञबाई, पेटली का आमची चूल?” “नाही, बाबा. मंदच आहे.” “मग पुरे झालं, पोरी.” त्यांनी पायांना बांधलेल्या व्यायामाच्या वाळूपिशव्या सोडून बाकाखाली ढकलल्या. तुंबा भरताना त्यांच्याकडून पाणी सांडलं. आजवर घरात तेच ओतत. आज तिनं ओतून तुंबा त्यांना दिला. आमच्या माँतेव्हिदेओ शहरात तुंबा परत देताना ‘धन्यवाद’ म्हटलं, म्हणजे आणखी नको. तो शब्द येणार, म्हणून तिनं मान खाली घातली. रिकामा तुंबा पुढे करत बाबा कुरकुरले, “पाणी कोमट झालंय, तापव. तोवर त्या पिशव्या बांधतो.”