कळवणच्या मैदानाचा फोटो

भिंतीवर जिकडं बघावं तिकडं केरूच! केरूचा जरीचा फेटा, केरूचं कडं, केरूच्या कुस्त्यांच्या पिवळ्या पडलेल्या जाहिराती, आणि मधोमध केरूची चांदीची गदा. ती बघून तर धोंडीरामानं तोंडच फिरवलं. मेला तरी पाठ सोडीना हा माणूस!

नाशिक रोडला प्रेसच्या क्वार्टरमध्ये नाथा कारकुनानं रविवारी सकाळी आपला संग्रह मांडला होता. नाथाला या जुन्या वस्तूंचं वेडच. देवळालीच्या भंगारवाल्याकडून कुण्या गोऱ्या सोल्जरचे बॉक्सिंगचे हातमोजे आण, बंद पडलेल्या तालमीतून मुद्गल आण. स्वतः कधी लंगोट लावला नाही, पण बोलायला लागला की वाटावं, आत्ताच आखाड्यातून अंग झटकून आलाय. केरू पहिलवान वारला तेव्हा त्याच्या बायकोकडून, सिंधुबाईकडून, यानं पेटीच्या पेटी मागून आणली. आज तिला मानाच्या खुर्चीवर बसवलं होतं. येणारा जाणारा तिच्या पाया पडत होता.

धोंडीराम एकलहऱ्याहून सायकल हाणत आला होता. तोही जुना पहिलवान, केरूच्याच जोडीचा. म्हणायला आपला केरूच्या वस्तू बघायला आला. खरं म्हणजे स्वतःला शोधायला आला होता. एखाद्या जाहिरातीत, खाली, बारक्या अक्षरात का होईना, धोंडीराम असेलच की! सगळी भिंत धुंडाळली. नाव नाही, गाव नाही.

"अजिंक्य!" नाथा पाहुण्यांना सांगत होता. "आख्ख्या जिल्ह्यात केरू पहिलवानांच्या पाठीला कुणी माती लावली नाही."

लावली होती. एकदाच, कळवणच्या जत्रेत, पण लावली होती! धोंडीराम ते जन्मभर सांगत आला आणि लोक जन्मभर हसत आले. "बरं बरं पहिलवान, चहा घ्या," म्हणायचे. घरची बायकोसुद्धा त्यातलीच.

आणि मग दारामागच्या भिंतीवर त्याला तो फोटो दिसला. लोकांनी एका गड्याला खांद्यावर घेतलंय, गड्याचं तोंड गुलालानं माखलंय, दात आणि डोळे तेवढे दिसतायत. खाली नाथाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'विजयी केरू पहिलवान, कळवण.'

धोंडीराम फोटोला नाक लावून उभा राहिला. खांदा देणारा तर गोटीराम मामा. आपल्या मामाला कोण ओळखणार नाही? आणि मामाच्या खांद्यावर बसलेला... अरे देवा!

"नाथाभाऊ," त्याचा आवाज चिरकला, "हा केरू नाय. हा मी हाय."

खोलीत खसखस पिकली.

"पहिलवान, उन्हातनं आलात. सरबत घ्या जरा," नाथा म्हणाला.

"सरबत गेलं खड्ड्यात! केरू हा इथं हाय, खाली. हा बघ."

फोटोच्या कोपऱ्यात एक गडी जमिनीवर बसला होता. पाठ मातीनं भरलेली, मान गुडघ्यात. तोंड दिसतच नव्हतं.

"तो कुणीही असेल," नाथा चिडला. "मेलेल्या माणसावर जळू नये, पहिलवान. बरं दिसत नाही ते."

जळतच होता तो. नाही कशाला म्हणायचं? केरूला दुधाचे रतीब, केरूला गदा, केरूच्या हत्तीवरून मिरवणुका. याच्या वाट्याला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाची राखण. एक कुस्ती तेवढी त्याची स्वतःची होती, तीही आता केरूच्या नावानं खिळ्याला टांगलेली.

"काकू, तुम्हीच सांगा," नाथा म्हणाला, आणि सगळ्या माना खुर्चीकडं वळल्या.

धोंडीराम फोटोपासून बाजूला सरला. नवऱ्याची हार कुठली बाई आपल्या तोंडानं सांगेल? ती नाही म्हणाली की संपलंच. मरेपर्यंत थापाड्या म्हणूनच राहायचं.

सिंधुबाई उठली. तिला लांबचं कमी दिसायचं. अगदी जवळ जाऊन तिनं पदरानं काच पुसली. खांद्यावरच्या गड्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या माणसावर बोट ठेवलं.

"हे आमचे," ती म्हणाली. "रुसले की अस्सेच बसायचे."

धोंडीरामाला वाटलं, इथंच शड्डू ठोकावा, साऱ्या क्वार्टरला ऐकू जाईल असा. नाथाचा चेहरा पडला. त्यानं मुकाट्यानं फोटो खिळ्यावरून काढायला हात घातला.

"राहू द्या भाऊ, काढू नका," सिंधुबाई म्हणाली. मग ती धोंडीरामाकडं वळली. "काय सांगू भावजी, त्या गदेवर धूळ साचायची, तिला कधी हात लावला नाय. पण हा फोटू पेटीतनं काढून रोज बघत बसायचे. माझ्या हातात एकदा दिला नाय, मला वाटायचं जिंकल्याचाच असंल. मी आपली दारातनं म्हणायची, अहो, किती बघावं माणसानं सोतालाच? तर फोटू पालथा ठेवायचे आणि तसेच बसून राहायचे."