मोठी चीर

दुसरबीडहून संभाजीनगरच्या दवाखान्यात आलो होतो. डॉक्टर माझ्या बायकोला, पंचफुलाला, समजावत होते. हृदयाची झडप गळते, ती टाके घालून दुरुस्त करायची. त्यासाठी आता छाती मधोमध कापावी लागत नाही, उजव्या कुशीत दोन इंचांची चीर पुरते.

फाईल काखेत धरून मी मधेच विचारलं, "कामाले कधी लागन ही? पुढच्या महिन्यात आमच्या शेडनेटमधी मिरचीचं क्रॉसिंग हाय. बियाण्यासाठी फुलाले फूल लावाचं काम. हिच्यावानी हात गावात कोणाचा नाही."

तेव्हा मला ती तारीफच वाटली.

"महिन्याभरात लागतील," डॉक्टर म्हणाले.

मी खूश झालो. पंचफुला मात्र पहिल्यांदाच बोलली. "अन् मधोमध कापली तं, साहेब?"

"मग हाड जुळेपर्यंत तीन महिने आराम."

"तं मधोमधच कापा."

डॉक्टर हसले. "अहो, घाबरू नका. लहान चिरेतूनही काम तेवढंच पक्कं होतं."

"मले भेव नाही वाटत," ती म्हणाली. "मले ते तीन महिने पाह्यजे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईलची नाडी सोडून पुन्हा बांधत बसलो.

"चीर लहानच घेऊ," ते म्हणाले, आणि कागदावर लिहिलं : तीन महिने सक्त विश्रांती.

सकाळपासूनचे सगळे कागद माझ्याकडेच आले होते. हा त्यांनी तिच्या हातात दिला.