चौदा वर्षांनी धरलेली एकादशी

एचआयव्हीबाधितांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मिरजेतल्या कार्यालयात कार्यकर्ती रेहानाने नेहमीसारखी पोह्यांची बशी पुढे केली. "मावशी, खाऊन घ्या बघू. उपाशीपोटी गोळी सोसत नाही तुम्हाला."

"आधी तो कागद वाच," द्वारकाबाई म्हणाल्या.

एचआयव्ही अंगातून मुळासकट काढणारं नवं इंजेक्शन त्यांनी महिन्यापूर्वी घेतलं होतं. रेहानाने तपासणीचा अहवाल दोनदा वाचला. "एकही विषाणू उरला नाही, मावशी! गोळ्या आजपासून बंद."

द्वारकाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि बशी तिच्याकडे सरकवली. "मग तूच खा. आज एकादशी आहे. चौदा वर्षांत एक धरू दिली नाहीस."

"आणि चक्कर आली तर?"

"येऊ दे की! उपासाची असेल, गोळीची नव्हे."